मला घरी जायचंय

आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत. आपल्याकडं इतिहास म्हटलं की अजिंक्यतारा, प्रतापगड, नाहीतर नाना पाटलांचं पत्री सरकार आठवतं. आजचा इतिहास मात्र सोप्यात खाटेवर बसलेल्या माणसाचा आहे. ज्याची आठवण हरवत चाललीय, अशा माणसाशी जग आजवर कसं बोलत आलं, आणि आपण कसं बोलावं, त्याचा हा इतिहास.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करू. आमच्या एका गटात एक मावशी होत्या. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाचा किती हप्ता थकलाय, व्याज किती झालं, सगळं तोंडपाठ. एका महिन्यात त्या म्हणाल्या, "मी हप्ता भरलाय." वहीत नोंद नव्हती. पुढच्या महिन्यात एकाच दिवशी दोनदा पैसे घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी सचिव ताईंवर पैसे खाल्ल्याचा आळ घेतला. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणं दंड लावला आणि भर बैठकीत म्हणालो, "मावशी, या वयात खोटं बोलू नये." त्या उठून गेल्या, त्या पुन्हा बैठकीला आल्याच नाहीत. वर्षभरानं त्यांच्या सुनेनं सांगितलं, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचा आजार सांगितलाय. दंडाचे पैसे आम्ही परत दिले. बोललेला शब्द परत घेता आला नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयाचं जमेल तसं वाचायला, ऐकायला, विचारायला लागलो. त्यातलं जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

आपल्याकडं या आजाराला नावं कमी नाहीत. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण घराघरांत आहे. "म्हातारचळ लागला" असंही आपण सहज म्हणून जातो. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तर फार जुना, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. पण तिथं तो रागामुळं माणसाचं भान सुटतं अशा अर्थानं येतो, आजार म्हणून नाही. आजाराला आजार म्हणायची आपल्याला सवयच नव्हती. वय झालं की असं व्हायचंच, असं धरून आपण गप्प बसायचो. नाहीतर बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडं न्यायचो. सातारच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि त्यांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं आज गुन्हा आहे. विसरणाऱ्या म्हातारीला अंगारा लावायला नेणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता जरा लांब जाऊ, जर्मनी देशात. १९०१ सालचा नोव्हेंबर महिना. फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. नाव ऑगस्टे डेटर. नवरा रेल्वेत कामाला. ती वस्तू कुठंतरी ठेवायची आणि विसरायची, नवऱ्यावर संशय घ्यायची, रात्री उठून घरभर फिरायची. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव होतं अलॉइस अल्झायमर. ते समोर बसून प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायचे. तुमचं नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्टेच. ताटात फ्लॉवर आणि मांस होतं. काय खाताय विचारल्यावर ती म्हणाली, पालक. मधेच एकदा ती असंही बोलली, की मी स्वतःलाच हरवून बसलेय.

१९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, त्यात झालेले बदल सगळ्यांपुढं मांडले, आणि १९१० साली या आजाराला अल्झायमरचं नाव मिळालं. स्मृतिभ्रंशाचे प्रकार बरेच, पण सगळ्यांत जास्त आढळतो तो हा. तिच्या तपासणीचे कागद पुढं हरवले होते. ते १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच सापडले, म्हणून तिचं बोलणं आज आपल्याला कळतं.

मैत्रिणींनो, या कागदांबद्दल वाचलं तेव्हा आम्हाला आपलीच घरं आठवली. डॉक्टरांना आजार शोधायचा होता, त्यांनी प्रश्न विचारणं ठीकच होतं. पण आपण घरात रोज तीच परीक्षा घेतो. मुंबईहून नातू आला की आजीपुढं उभा करायचा आणि विचारायचं, "ओळखा बरं कोण आलंय?" आजी गोंधळून बघते. मग आपणच हसतो आणि म्हणतो, "बघा, नातवालाही विसरली." आजीला नाव आठवत नाही, पण आपल्यावर हसतायत हे तिला पक्कं कळतं. त्यापेक्षा नातवानं जवळ बसून म्हणावं, "आजी, मी तुझ्या थोरल्या लेकाचा मुलगा, मुंबईहून आलोय." उत्तर आपणच द्यायचं, परीक्षा घ्यायची नाही.

यानंतरच्या काळात माणसं यावर विचार करत गेली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स फॉल्सम नावाच्या डॉक्टरांनी एक पद्धत सुरू केली. रुग्णांपुढं फळा लावायचा. आज वार कुठला, तारीख कुठली, गाव कुठलं, हे पुन्हा पुन्हा सांगायचं. आजाराच्या सुरुवातीला याचा उपयोग होतो. आपल्याकडंही मोठ्या आकड्यांचं कालनिर्णय आणि मोठं घड्याळ समोर लावलं, संडासच्या दारावर चित्र चिकटवलं, तर बराच आधार होतो. पण आजार वाढला की हेच "असं नाही, तसं आहे" त्या माणसाला टोचायला लागतं.

हे ओळखलं नेओमी फाइल या बाईंनी. त्यांचे आईवडील अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात कामाला होते, त्यामुळं बाई म्हाताऱ्या माणसांतच लहानाच्या मोठ्या झाल्या. १९६३ पासून त्या स्वतः या माणसांसोबत काम करू लागल्या. त्यांना दिसलं, की जबरदस्तीनं आजच्या दिवसात ओढून आणलं की ही माणसं चिडतात, नाहीतर आतल्या आत मिटून जातात. म्हणून त्या म्हणाल्या, ते माणूस ज्या काळात आहे तिथं आपण जावं. शब्द चुकीचे असले तरी शब्दामागची भावना खरी असते, त्या भावनेला उत्तर द्यावं. पुढं इंग्लंडमधल्या टॉम किटवूड यांनी १९९७ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की माणूस खचतो तो फक्त मेंदूच्या बिघाडामुळं नाही, आजूबाजूच्या वागण्यामुळंही. त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं, लहान पोरासारखं दरडावणं, त्याला झेपणार नाही अशी घाई करणं, तो बोलत असताना लक्ष न देणं. ही यादी वाचताना आम्हाला त्या बैठकीतल्या मावशीच दिसत होत्या.

भारतात या आजारासाठी काम करणारी संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली. २०२३ साली देशभरच्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आला: आपल्या देशात सुमारे ८८ लाख म्हातारी माणसं या आजारानं ग्रासलेली आहेत. साठीपुढच्या शंभरात सात. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे ही गोष्ट आपलीच आहे. तुमच्या गल्लीत एक तरी घर असेल.

आता आपल्या मातीकडं येऊ. या आजारात आठवणी बहुतेक वरून खाली जातात. कणगीतलं धान्य जसं वरचं आधी संपतं, तसं. कालचं जेवण आधी जातं, मग गेल्या वर्षीची गोष्ट, मग नातवंडांची नावं. तरुणपणातलं आणि लहानपणीचं पुष्कळ दिवस तळाशी राहतं. सांगलीकडच्या कित्येक घरांत असं दिसेल, की आजीला २०१९ चा महापूर आठवत नाही, पण १९६७ चा भूकंप काल झाल्यासारखा आठवतो. म्हणून आजीशी बोलायचं असेल तर आपल्याला तिच्या तरुणपणचा इतिहास माहीत पाहिजे. तोच तिच्याकडं जायचा रस्ता.

कोयनेचंच बघा. १९५४ च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं, १९६० नंतरच्या वर्षांत शिवसागर जलाशय भरला. शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी आणि घरं पाण्याखाली गेली. माणसं उठली आणि सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत विखुरली. आमच्या माहितीतलं एक घर अशाच पुनर्वसनातलं. घरातल्या आजी पोरवयात खोऱ्यातून इकडं आलेल्या. आता रोज दिवेलागणीला त्या लुगड्याचं गाठोडं बांधतात आणि उंबऱ्यात उभ्या राहतात. "मला घरी जायचंय. गुरं आली असतील."

सून बिचारी सरळ माणूस. ती सांगायची, "आवो आत्याबाई, तुमचं गाव धरणात गेलं की कधीच. हेच तुमचं घर." हे ऐकलं की आजी मटकन खाली बसायच्या आणि रडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठोडं, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तेच रडणं. मैत्रिणींनो, विचार करा. सुनेला ते साठ वर्षांपूर्वीचं झालं, पण आजींना ती बातमी रोज नव्यानं कळत होती. रोज संध्याकाळी त्यांचं गाव नव्यानं बुडत होतं.

आम्ही सुनेला म्हणालो, गाव आहे की नाही ते बाजूला ठेवा, घराबद्दल विचारा. दुसऱ्या दिवशी ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या दारात झाड कशाचं होतं हो?" आजी थांबल्या. म्हणाल्या, "फणस." मग फणसाचे गरे निघाले, नाचणीची भाकरी निघाली, छप्पर फाडणारा पाऊस निघाला, लहान भाऊ निघाला. अर्ध्या तासानं चहा आला तेव्हा गाठोडं मांडीवरून खाली घसरलं होतं. रोज असं जमतंच असं नाही, हेही सून सांगते. कधी कधी आजी ऐकत नाहीत. मग ती त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन येते. पण गाव बुडाल्याची बातमी तिनं देणं बंद केलंय.

काही जणी विचारतात, मग काय खोटं बोलायचं? आमचं म्हणणं असं, की खोटी गोष्ट रचायची गरज नाही. "उद्या नेते हं" म्हणायचीही गरज नाही. "घरी जायचंय" या शब्दांमागं बहुतेक वेळा असतं, मला भीती वाटतीय, मला माझी माणसं पाहिजेत. त्याला उत्तर द्यायचं. "तुम्हाला घरची लई आठवण येतीय ना? या, बसा माझ्याजवळ." यात खोटं काही नाही. आणि संध्याकाळी अशी तगमग जास्त होते, म्हणून अंधार पडायच्या आत लाइट लावावी, गोंगाट कमी करावा, हाताला काहीतरी काम द्यावं.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी माण, खटाव, आटपाडी, जतला बघितला, त्यांच्या अंगात तो अजून आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातले. १९६५ साली त्याच तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला आणि दुष्काळात ती राज्याच्या कामी आली. त्या वेळी लेकरू झाडाखाली झोळीत ठेवून खडी फोडणाऱ्या बाया आज आजी-पणजी आहेत. लाल मिलो आणि सुकडी त्यांनी खाल्लीय. अशी एखादी आजी आज भाकरीचा तुकडा उशाखाली लपवत असेल तर "घरात काय कमी आहे का?" म्हणून ओरडू नका. तिच्या मनात कदाचित बहात्तर साल चालू असेल. "भाकरी भरपूर आहे, ही घ्या तुमच्याजवळ ठेवायला" म्हणून डब्यात घालून द्या. शिळी काढून ताजी ठेवत जा.

पुरुषांचं तसंच. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली किती माणसं मुंबईला गिरणीत आणि माथाडी कामाला होती! १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक जण कायमचे गावी परतले. असे एखादे मामंजी पहाटे उठून डबा मागतात, म्हणतात पहिल्या पाळीला उशीर होतोय. "गिरणी बंद पडली, आता कसली पाळी!" असं म्हटलं की चिडतात. त्यापेक्षा विचारा, "मामंजी, तुम्ही किती साचे बघायचा?" ज्या माणसाला कालचं आठवत नाही, तो साच्यांचा आवाज तोंडानं काढून दाखवील.

आणि ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कागदावर उतरण्याआधी बायकांच्या कंठात होत्या. बोलणं तुटलं तरी गाणं बऱ्याचदा राहतं. जातं घरात नसलं तरी चालेल. आजीजवळ बसून पहिला शब्द आपण काढावा आणि थांबावं. पुढचं तिच्या तोंडून येतं का बघावं. नाही आलं तर आपणच म्हणत राहावं.

जत, मिरजेकडच्या मैत्रिणींसाठी आणखी एक. तुमच्याकडं कानडी मुलखातून आलेल्या सासवा पुष्कळ. आयुष्यभर चांगलं मराठी बोलल्या, आणि आता कानडीतच बोलायला लागल्या, तर तो हट्ट समजू नका. मागाहून शिकलेली भाषा आधी जाऊ शकते, आईची भाषा टिकते. पाणी, भाकरी, ये, बस, दुखतंय का, एवढे चार शब्द सुनांनी आणि नातवंडांनी शिकून घ्यावेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' नावाचा मराठी सिनेमा आहे, २०१३ सालचा. त्यात संस्कृतचे मोठे पंडित असलेले आजोबा सगळं विसरतात आणि एका हत्तीच्या मागं चालत जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ते काम केलंय, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या पंडिताला माहुताची कानडी बोलणारी बायको सांभाळते. तिला आजाराचं नावही माहीत नाही. ती त्यांना प्रश्न विचारत बसत नाही. भूक लागली असेल म्हणून जेवू घालते. हे काम करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गटात सगळ्या मिळून बघण्यासारखा सिनेमा आहे.

आता रोजच्या बोलण्याच्या चार गोष्टी, लक्षात ठेवायला सोप्या. बोलण्याआधी समोर या, डोळ्यांच्या पातळीला बसा, मागून हाक मारू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा; "आंघोळ करा, मग जेवा, मग गोळी घ्या" असं एका दमात नको. "काय जेवणार?" पेक्षा "भाकरी देऊ की भात?" सोपं पडतं. विचारलं की थांबा, उत्तराला वेळ द्या. त्यांनी "माझे पैसे चोरले" म्हटलं तर वाद घालू नका. "चला, दोघी मिळून शोधू" म्हणा. आम्ही मावशींना हे एक वाक्य म्हणालो असतो, तर त्या उठून गेल्या नसत्या.

आणि आधी डॉक्टर. प्रत्येक विसरणं म्हणजे हा आजार नव्हे. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी यानंही माणूस विसरतो, आणि त्यावर उपाय आहेत. ऐकू येत नसेल, मोतीबिंदू असेल तर तेही बघून घ्या. एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, तर ताप, जंतुसंसर्ग किंवा लकवा असू शकतो; लगेच दवाखाना गाठा. सल्ल्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ वर आणि ज्येष्ठांसाठीची मदत १४५६७ वर मिळते, दोन्ही मोफत.

शेवटी सांभाळणाऱ्या बाईबद्दल. ती बहुतेक घरात सूनच असते. तिला राग येतो, ती कधी ओरडते, मग रात्री स्वतःच रडते. तिला "तुझं कर्तव्यच आहे" म्हणून सांगू नका. गटातल्या दोघींनी आठवड्यातून दोन तास त्या घरी बसावं आणि तिला बाजाराला, माहेराला, नाहीतर नुसतं झोपायला मोकळं करावं. कर्जाला जामीन राहतो, तसं याला राहू.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक वही आणावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, आठवण शाबूत आहे तोवर, विचारून लिहून ठेवावं: माहेरचं गाव, दारातलं झाड, बैलांची नावं, भूकंपाच्या रात्री कुठं होता, दुष्काळात काय खाल्लं, कुठली ओवी आवडती. आज ती वही इतिहासाची होईल. उद्या गरज पडली, तर तीच बोलायचा आधार होईल.

आम्ही आता महिन्यातली एक बैठक मावशींच्या ओट्यावर घेतो. त्या आम्हाला ओळखत नाहीत, कुणाला बहीण समजतात, कुणाला जाऊ. आम्ही दुरुस्त करत नाही. सुट्ट्या पैशांचा डबा त्यांच्यापुढं ठेवतो. त्या रुपयाची नाणी वेगळी करतात, पाचाची वेगळी, थप्प्या लावतात. हिशेब आम्ही वहीत पुन्हा बघतोच, पण मोजणी झाली की आधी मावशींनाच विचारतो, "बरोबर हाय का मावशी?" त्या मान हलवतात. मग बैठक सुरू होते.